दीड इंचाचा समास

"मास्तर, तुम्ही मेल्यावर यमाकडंसुद्धा अर्ज चार प्रतींत घेऊन जाल," असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हणालो होतो. त्यांना हसू आलं नाही. थोडा विचार करून म्हणाले, "तीन द्यायच्या, भाऊसाहेब. चौथी आपल्याकडं ठेवायची असते."

भाऊसाहेब म्हणजे मी. साताऱ्याच्या एका हायस्कुलात कारकून होतो. लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता, रॉकेल मिळत नव्हतं आणि शाळेत टाइपरायटर एकच होता. तो चालवणाराही मी एकटाच. वय पंचविशीच्या आतबाहेर आणि डोकं तापट. कुणी काम सांगितलं की आधी नाही म्हणायचं आणि मग करायचं, अशी माझी रीत. आज वाटतं, नुसतं करत गेलो असतो तर बरं झालं असतं.

मास्तर आमच्याकडं मराठी आणि इतिहास शिकवत. चाळिशी उलटलेली, काळा कोट, धोतर, टोपी, आणि कोटाच्या आतल्या खिशात सहा इंची लाकडी पट्टी. बाकीचे मास्तर लोक खिशात पानाची चंची ठेवत, हे पट्टी ठेवत. कुठलाही कागद हातात आला की आधी वाचायचा नाही. डावीकडची कोरी जागा, म्हणजे समास, तो मोजायचा. दीड इंच भरला तर वाचायचा. न भरला तर त्यांचा चेहरा ताटात केस निघाल्यासारखा व्हायचा. पोरं त्यांना 'दीड इंच' म्हणत. शिक्षकांच्या खोलीतही तेच नाव चाले, आणि सगळ्यांत जास्त ते मी चालवलं हे कबूल करायला हवं.

एकदा त्यांचं पोट बिघडलं. एका दिवसाच्या रजेचा अर्ज आला तो दोन पानांचा. वर 'विषय', खाली 'पूर्वपीठिका', मग 'पुरावा', मग 'मर्यादा'. पूर्वपीठिकेत आदल्या दुपारी खाल्लेली वरणफळं. मर्यादेत, वैद्यांनी अद्याप तपासलेले नसल्यामुळे कारण निश्चित सांगता येत नाही. आणि तळटीप! वरणफळं घरातल्या दुसऱ्या माणसांनीही खाल्ली, त्यांना त्रास नाही, सबब वरणफळांवर ठपका ठेवताना सावधगिरी बाळगावी. हेडमास्तरांनी मला आत बोलावून तो कागद पुढं केला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, हा अर्ज आहे की काय आहे?" मी म्हणालो, "साहेब, समास बघा, दीड इंच आहे. मंजूर करून टाका."

लग्नाच्या पत्रिका ते तांबड्या शाईनं दुरुस्त करून परत पाठवत. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या पत्रिकेवर 'पुन्हा छापावी' असा शेरा मारून त्यांनी ती परत केली, तर तो गृहस्थ वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. मास्तरीणबाई सांगलीच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणायच्या, "ह्यांना भाजी कशी झालीय विचारावं, तर म्हणतात, कशाच्या मानानं? आता मी दुसऱ्याच्या घरची भाजी आणून शेजारी ठेवू काय?"

हसायचं ते एवढंच. पुढचं आठवलं की अजून मला चैन पडत नाही.

मास्तरांना पीएच.डी. करायची होती. हायस्कुलातल्या मास्तरानं असं काही मनात आणणं म्हणजे तेव्हा लोकांना चेष्टाच वाटे. विषय तर त्याहून चमत्कारिक. शेतांची नावं. गावांची नव्हेत, डोंगरांची नव्हेत. शिवारातल्या एकेका तुकड्याला, पट्टीला, टिकीला लोक जे नाव घेतात ते. सरकारी दप्तरात प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. नाव असतं ते फक्त माणसांच्या तोंडात, आणि तेही म्हाताऱ्या.

मी विचारलं, "हे खूळ कुठून शिरलं डोक्यात?"

ते टाळत राहिले. मग एकदा मधल्या सुट्टीत आपणहून सांगितलं. त्यांचं मूळ गाव फलटणकडं. वडील लहानपणीच गेले, सांगलीला मामांकडं वाढले. तिशीत एकदा गावाला गेले, तर कालव्याचं पाणी आलेलं, सगळीकडं ऊस, बांध मोडून लहान तुकड्यांचे मोठे फड केलेले. आपलं शेत कुठलं, म्हणून विचारलं. लोकांनी नंबर सांगितला. नाव काय होतं, म्हणून विचारलं, तर कुणाला आठवेना.

"वडील रोज त्या शेताचं नाव घेऊन घरातून निघत," ते म्हणाले. "मी ऐकलेलं आहे. कानात आवाज आहे, भाऊसाहेब. शब्द नाही."

त्यानंतर मी 'दीड इंच' म्हणणं सोडलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. म्हणत होतोच.

तर संशोधनाला बसायचं म्हणजे आधी युनिव्हर्सिटीकडं आराखडा पाठवायचा. नियम छापील होते. इंग्रजीत, टाइप केलेला, दोन ओळींत दुप्पट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडं दीड इंच समास, दहा पानांच्या आत, चार प्रती, जूनअखेर पोचला पाहिजे. आत काय, तर प्रश्न कोणता, आधी कुणी काय काम केलंय, तुम्ही कसं करणार, कशाच्या आधारे, आणि शेवटी ग्रंथांची यादी. सांगलीच्या कॉलेजातले एक प्रोफेसर मार्गदर्शक व्हायला तयार होते. हेडमास्तर म्हणाले होते, युनिव्हर्सिटीचं मंजुरीचं पत्र आणा, वर्षाची रजा देतो, हिंडा गावोगाव. म्हणजे सगळं त्या दहा पानांवर अडलेलं.

दहा पानं! माझ्यासारख्यानं दोन दिवसांत उडवली असती. मास्तरांनी पाच वर्षं घेतली.

पहिल्या वर्षी मी टाइप करत होतो आणि ते शेजारी उभे होते. एक वाक्य आलं, या विषयावर आजवर कोणीही काम केलेले नाही. मी ते उठवलं आणि पुढं सरकलो, तर यांनी माझा हात धरला.

"थांबा. हे मला कसं माहीत?"

"मला काय विचारता? तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलंय खरं. पण मी पाहिलं कुठं?"

झालं. ते वाक्य खरं करायला गृहस्थ दोन वर्षं प्रत्येक सुट्टीत पुण्याला जाऊन ग्रंथालयं पालथी घालत होते. दोन जून गेले. शेवटी वाक्य झालं ते असं, की पुढे दिलेल्या ग्रंथालयांत माझ्या पाहण्यात असे काम आले नाही. म्हणजे तेच. फक्त आता त्याला दीड पानाची शेपटी.

ते टाइप करणं म्हणजे काय हाल होते, विचारू नका. फुलस्केप कागद माझ्या कपाटात कुलूपबंद, मोजून वापरायचा. कार्बन इतक्यांदा वापरलेला की उजेडाला धरला तर त्यातून पलीकडचं दिसावं. चार प्रती निघण्यासाठी बटणं अशी ठोकावी लागत की संध्याकाळी बोटांनी भाकरी मोडवत नसे. त्यातून आपले ठ, ळ, ण इंग्रजी यंत्राला येत नाहीत. तिथं अक्षराखाली टिंब द्यायचं. ती टिंबं मास्तर स्वतः बारीक टाकानं चारी प्रतींवर देत बसत. कार्बनच्या प्रतींवरसुद्धा एकही टिंब हललेलं नसे.

तिसऱ्या वर्षी दुसरं वाक्य आडवं आलं, असे जाणकार गावोगावी आजही आहेत. आहेत का? गाठ घेतल्याशिवाय कसं लिहायचं? मी चिडून म्हणालो, "चला, मी येतो. एक जाणकार बघू आणि हे वाक्य एकदाचं गाडून टाकू."

कुणी तरी नाव सुचवलं होतं, कडेगावकडच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्याचं. कऱ्हाडपर्यंत कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची. पुढं चालत. आणि जिल्ह्यातले दिवस असे की अनोळखी माणूस कोट घालून गावात शिरला की लोक कड्या लावून घेत. धरपकड चाललेली. पोलिसांचा माणूस की मोजणीचा, एवढाच प्रश्न.

म्हातारा पारावर बसला होता. आबा म्हणत त्याला. पंच्याहत्तरीचा असेल, काटकुळा, डोळे मात्र लख्ख. मास्तरांनी नमस्कार करून शेतांच्या नावांचं काढलं तसा त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठल्या खात्याचं म्हनायचं तुमी?"

"शाळेचे."

"शाळंचं मानूस शेताची नावं कशापायी इचारतंय? मोजणी येनार हाय काय?"

"नाही आबा. मला फक्त अशी नावं कुणाला येतात का, ते पाहायचंय."

"आन लिवून कुनाला देनार?"

"आज लिहिणार नाही. लिहायला अजून मंजुरी नाही."

म्हातारा असा हसला की त्याला ठसका लागला. "मंजुरी? शेताचं नाव घ्याया बी मंजुरी लागती व्हय आता? आरं तिच्या!" पण बघतो तर तेवढ्यानंच त्याचा विश्वास बसला. आमच्या हातात कागद नाही, पेन्सिल नाही, हे त्यानं दोनदा पाहून घेतलं. "लिवत न्हाई म्हंतासा म्हनून सांगतो," म्हणाला.

मास्तर पाराच्या कडेला बसले, तसा तो ओरडला, "आवं, बसला काय? बसून न्हाई यायची ती. पायानं येत्यात. उठा."

आणि खरंच तसंच होतं. पारावर त्याला एक नाव सांगता येईना. वेशीबाहेर पहिल्या बांधावर पाय पडला आणि नाव आलं. मग दुसऱ्या तुकड्यावर दुसरं. मध्ये मी पाय वाचवायला एक बांध सोडून आडवा गेलो, तर तो मागून गरजला, "आरं गड्या, मधलं गाळलंस की फुडचं येत न्हाई!" आम्हाला मागं फिरवून त्यानं पुन्हा त्याच बांधावरून आणलं. जन्मभर रोज त्याच वाटेनं राखणीला जाऊन ती नावं त्याच्या पायांत बसली होती. वेशीपासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापलीकडं माळापर्यंत, दुपार कलेपर्यंत तो चालत होता आणि एकेक नाव सांगत होता. शंभराच्या वर असतील. काहींना गोष्टीही होत्या. एका तुकड्यावर एक सून रुसून तीन दिवस बसून राहिली होती, तिच्यावरून त्या तुकड्याचं नाव पडलेलं. एकीकडं दोघा भावांनी वाटणीत एक झाड उभं चिरलं होतं, त्यावरून एक. सून मला आठवते, झाड आठवतं. त्या तुकड्यांची नावं विचाराल तर नाहीत. माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, वहाणेचा अंगठा तुटला होता, आणि मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घालत मागून लंगडत होतो.

शेवटी माळावर म्हातारा खाली बसला आणि गुडघे चोळायला लागला. मास्तरांना म्हणाला, "पोरगं फौजंत हाय. धाकटं गेलं. आता माज्यामागं कुनालाच येत न्हाईत ही. तुमी आयकलीसा, लय बरं वाटलं बगा. या परत, कागद घिऊन या. पर लौकर या. ह्ये गुडघं काय आता लय दीस चालू देनार न्हाईत."

"येतो," मास्तर म्हणाले. "मंजुरी आली की त्याच दिवशी येतो."

मी परतीच्या वाटेवर फुटलोच. "मास्तर, शंभर नावं ऐकलीत. माझ्याकडं पेन्सिल आहे. या सिगारेटच्या पाकिटावर लिहा. आत्ता लिहा, निदान आठवतात तेवढी."

"आराखड्यात काय लिहिलंय आपण? ही माहिती मी गोळा करीन. करीन लिहायचं आणि करून बसायचं, हे खोटं झालं की नाही? पद्धतच अजून कुणी तपासलेली नाही. तशी जमवली तर त्या गावगप्पा होतील, भाऊसाहेब. म्हाताऱ्याच्या नावांना गावगप्पा म्हटलेलं मला चालायचं नाही."

मोटारीत बसल्यावर पाहतो तर हे तोंडातल्या तोंडात काही पुटपुटतायत. कान दिला तर पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, एकामागून एक. म्हटलं, "हे काय नवीन?"

"नावं डोक्यात बसू नयेत म्हणून," ते म्हणाले. "काही काही बसायला लागली होती."

साताऱ्यापर्यंत ते पाढे म्हणत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि या माणसाला वेड्यांच्या इस्पितळात कुणी घातलं कसं नाही याचं नवल करत होतो.

आता मी काय केलं ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे सगळं सांगण्यात अर्थ नाही.

पुढच्या जूनला आराखडा तयार होता. खरोखर तयार. दहा पानं, चार प्रती, टिंबं दिलेली, प्रोफेसरांची सही आलेली. मुदतीला पाच दिवस होते. मास्तर शेवटचं वाचायला बसले आणि सातव्या पानावर थांबले. माझ्याकडून एक ओळ गळली होती. तीही नेमकी, माहिती देणाऱ्यांची परवानगी घेतली जाईल, ही.

"हे पान पुन्हा करावं लागेल," ते म्हणाले.

ते पान त्याआधी मी तीनदा केलं होतं. एकदा समास केसभर कमी म्हणून, एकदा कार्बन फिका म्हणून, एकदा माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला म्हणून. माझं टाळकं सरकलं. "वर पेनानं लिहा ना! मरतंय का कुणी?"

"वरून घातलेला मजकूर..."

"मग तुमचं तुम्ही बघा. मी हात लावणार नाही. शाळेचा कागद काय तुमच्या बापाचा आहे?"

असं बोललो. वडीलधाऱ्या माणसाला, शिक्षकांच्या खोलीत, चारचौघांत. त्यांनी कागद गोळा केले, पट्टी खिशात घातली आणि वर्गावर गेले.

कोर्टाजवळ टायपिस्ट बसत. एक पान कुणीही करून दिलं असतं. पण नऊ पानं आमच्या यंत्रावरची आणि एकाच पानाचं अक्षर वेगळं, हे त्यांना मेले तरी चाललं नसतं. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी अडून बसलो. म्हटलं, बघू या किती ताणतात. येतील आपणहून.

ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई माझ्या बिऱ्हाडी आल्या. फटकळ बाई, पण त्या दिवशी उंबऱ्यावर उभ्या राहून हळू बोलल्या.

"भाऊसाहेब, तेवढं पान करून टाका हो. ते काही बोलायचे नाहीत. जेवायला बसतात, दोन घास खातात आणि उठतात. म्हणतात, म्हातारा वाट बघत असेल. कोण म्हातारा ते मला तरी कुठं ठाऊक?"

मला ठाऊक होता. मी म्हणालो, "बघू. उद्या सवड झाली तर करतो."

सवड होती. उद्याही होती, परवाही होती. मी मुद्दाम हजेरीपटांवर लाल रेघा मारत बसलो. जूनअखेर टळली, वर्ष गेलं. जुलैत मी ते पान गुपचूप टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पट्टीनं मोजलं, वाचलं आणि "उत्तम झालंय" म्हणाले. मनापासून म्हणाले. मला त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

त्या वर्षात ते दोनदा म्हाताऱ्याला भेटून आले. पारावर बसून पिकापाण्याचं बोलले, गुडघ्यांना तेल देऊन आले. नावांचा विषय काढला नाही. म्हातारा उठायला बघायचा, हेच म्हणायचे, "आबा, आज नको. अजून पत्र नाही." मास्तरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी तिथून उठून बाहेर गेलो.

पुढच्या जूनला आराखडा वेळेत गेला. दिवाळीनंतर पत्र आलं. मंजूर. एका अक्षराची दुरुस्ती नाही. उलट मांडणीबद्दल एक कौतुकाची ओळ होती. मास्तरांनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा घंटा व्हायच्या आधी शाळेतून निघाले. रजा मिळायला अवकाश होता, पण त्यांना तेवढाही धीर नव्हता. रविवारी आम्ही दोघं गेलो. त्यांनी नवी वही शिवून घेतली होती, पानापानावर समास आखून.

पारावर कुणी नव्हतं. घरी गेलो तर दारात एक तगडा माणूस, अंगात फौजेचा खाकी सदरा. आम्हाला बघून ताठ उभा राहिला.

"या सर. आबा गेलं की वो. म्हैना होत आला. मी फौजंतनं सुटून आलो, आन पंध्रा दिवसांत गेलं."

मास्तर उंबऱ्याशी उभेच राहिले. मग विचारलं, "काही... हाल झाले का?"

"न्हाई. झोपंतच गेलं. चालाया येत नव्हतं श्यावटी. दोगा मान्सांनी धरून शेतावर न्या म्हनायचं सारकं. आता कामं सोडून कोन नेतंय? मास्तर येनार हाईत, म्हनायचं. आमाला वाटायचं, बरळत्यात."

मी जमिनीकडं बघत होतो.

"तुमच्या शेतांची नावं," मास्तर म्हणाले, "आबा घ्यायचे ती. तुम्हाला येत असतील थोडीफार."

"नंबर येत्यात की, सर," तो उत्साहानं म्हणाला, आणि हजेरी घेतल्यासारखे धडाधड सगळे नंबर म्हणून दाखवले. एकही चुकला नसावा. "आन नावं म्हंजे, आबा घ्यायचं काय बाय. आमी कवा ध्यान दिलं न्हाई. च्या घ्या ना सर, ठिवलाय."

मास्तर म्हणाले, "येतो जाऊन," आणि वेशीकडं चालू लागले. मी मागून. पहिल्या बांधावर त्यांनी वहाणा काढल्या. अनवाणी बांधावर चढले आणि डोळे मिटून उभे राहिले. चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. किती वेळ तसं चाललं होतं, मला सांगता येणार नाही. मला ते बघवत नव्हतं.

मग ते खाली बसले. "माझ्या पायांना काहीच येत नाही, भाऊसाहेब."

ज्या वर्षी म्हातारा चालत होता ते वर्ष मी खाल्लं होतं.

"तुम्ही होता त्या दिवशी," ते म्हणाले. "तुम्ही काही पाढे म्हटले नाहीत. तुम्हाला एखादं आठवतं?"

मी सारा जीव एकवटून आठवलं. काटा आठवला, वहाणेचा अंगठा आठवला, सून आठवली. आणि एकदम एक नाव वर आलं.

"कोरडी माय," मी म्हणालो. "होतं असं एक. नक्की होतं."

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तो तसा मी पाहिला नव्हता. त्यांनी वही उघडली, पहिल्या पानावर आकडा घातला, एक, आणि त्यापुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं, कोरडी माय. मग पेन्सिल तशीच धरून वर पाहिलं.

"यातलं कुठलं?"

समोर सगळं शिवार पसरलं होतं. तुकडे, पट्ट्या, टिक्या, कडेला ओढा. मी कुठंही बोट दाखवू शकलो असतो. मला खोटं ठरवणारा त्या गावात कुणी जिवंत नव्हता. ती विहिरीकडची पट्टी म्हटलं असतं, तर त्यांनी लिहून घेतलं असतं, आणि निदान एक नाव तरी त्या वहीत राहिलं असतं. पाच वर्षं या माणसाच्या खरेपणावर मी जळफळत होतो. त्या एका दिवशी मला खोटं बोलायचं होतं, अगदी मनापासून बोलायचं होतं. पण हात उचललाच गेला नाही.

"माहीत नाही, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. वहीवर वाकले आणि त्या नावावरून एक सरळ रेघ ओढली.